आवाजाला जलचिन्ह नसते

पाचशेची नोट उजेडासमोर धरा. कोऱ्या भागात गांधीजींचा चेहरा उमटतो. नोट जरा तिरकी केली की आतली तार हिरव्याची निळी होते. गांधीजींच्या मोठ्या चित्रावरून अंगठा फिरवला की छपाईचा उठाव बोटाला जाणवतो. असा उठाव देणाऱ्या छापखान्यांपैकी एक देवासला आहे, १९७४ साली उभी राहिलेली बँक नोट प्रेस. नोटांची खास शाईही तिथेच तयार होते, आणि नोटांच्या कागदाची जुनी गिरणी आहे नर्मदापुरमला, म्हणजे पूर्वीच्या होशंगाबादला. महाराष्ट्रातल्या वाचकाला नोटा म्हटले की नाशिक आठवते, माळव्यातल्या मराठी घरांना देवास आठवते.

हाटपिपल्या याच देवास जिल्ह्यातले, बागलीच्या वाटेवरचे गाव. नावातच हाट आहे. बाजारात मिरची-लसूण घेऊन बसलेली बाई नोट हातात घेते, अंगठ्याने चाचपते, उन्हाला धरते आणि मगच कमरेच्या बटव्यात टाकते. तिने शाळेचे तोंड पाहिले नसेल, पण खोटी नोट तिच्या हातून सहसा सुटत नाही. ही पारख तिला आईकडून मिळाली आणि तिची मुलगी तिच्या शेजारी बसून तीच शिकली.

आता त्याच टोपलीशेजारी क्यूआर कोडची पाटी उभी असते. मध्य प्रदेशच्या लाडली बहना योजनेचा हप्ता थेट खात्यात येतो, सोयाबीनचे पैसे खात्यात येतात, पुण्यात नोकरी करणारा मुलगा आईच्या खात्यात घरखर्च टाकतो. २०१६ मध्ये यूपीआय सुरू झाले आणि दहा वर्षांच्या आत पैसा बटव्यातून फोनमध्ये गेला. फोनवरून येणाऱ्या आवाजाला मात्र ना उठाव, ना तार, ना जलचिन्ह. तो उन्हाला धरून पाहता येत नाही. म्हणून घराने आपले जलचिन्ह आपणच तयार करायला हवे. ते कसे, हे या प्रकरणात पाहू.

दूरवरून आलेल्या माणसाला पैसे कसे द्यायचे, हा प्रश्न माळव्याला नवा नाही. इंदूर-उज्जैनच्या पेढ्यांवर अफूच्या व्यापाराचा पैसा हुंड्यांवर फिरे. हुंडी म्हणजे शेवटी एक चिठ्ठी, वाटेत कुणाच्याही हाती पडणारी. म्हणून ‘शहाजोग’ हुंडी लिहीत. तिचे पैसे बाजारात पत असलेल्या शहाच्याच हाती पडत, आणि मागाहून काही खोट निघाली तर जबाबदारीही त्याच्याच गळ्यात. हुंडी हरवली तर ‘पेठ’ म्हणजे दुसरी प्रत, तीही हरवली तर ‘परपेठ’. गादीवर बसलेला मुनीम आधी माणूस ओळखायचा आणि मग चिठ्ठी वाचायचा. आपण आज आधी मेसेज वाचतो, घाबरतो, आणि पाठवणारा कोण हे विचारायचे राहून जाते.

आता एक घर डोळ्यांसमोर आणा. जुना वाडा, काका जाऊन दोन वर्षे झालेली. मुलगा पुण्यात, मुलगी अमेरिकेत. काकू एकट्या. सकाळी अकराच्या सुमारास, कुकरच्या दोन शिट्ट्या झालेल्या असताना व्हिडिओ कॉल येतो. समोर गणवेशातला माणूस, त्याच्या मागे पोलीस ठाण्यासारखी भिंत. ‘आपके नाम का पार्सल पकड़ा गया है, उसमें ड्रग्स है.’ काकू म्हणतात, मी कुठलेच पार्सल पाठवलेले नाही. तो त्यांचे पूर्ण नाव घेतो, काकांचे नाव घेतो, मुलाची कंपनी सांगतो, आधारचे शेवटचे चार आकडे म्हणून दाखवतो. मग आवाज चढवतो: ‘कैमरा बंद मत करना. किसी को बताना मत, बेटे को भी नहीं.’ कुकर तिसरी शिट्टी देतो, चौथी देतो. काकू गॅस बंद करायलाही उठत नाहीत.

या प्रकाराला ‘डिजिटल अरेस्ट’ असे नाव पडले आहे. भारताच्या कायद्यात अशी अटकच नाही. पोलीस, सीबीआय, ईडी किंवा न्यायालय व्हिडिओ कॉलवर कुणालाही अटक करत नाही आणि ‘तपासणीसाठी’ तुमचे पैसे दुसऱ्या खात्यात टाकायला सांगत नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी हेच देशाला सांगितले. त्यानंतर महिनाही उलटला नव्हता आणि भोपाळच्या अरेरा कॉलनीत एका उद्योजकाला असेच कित्येक तास खोलीत बसवून ठेवले गेले. खबर लागताच मध्य प्रदेशचे सायबर पोलीस घरी पोचले, कॅमेऱ्यासमोर जाऊन उभे राहिले आणि पलीकडच्या गणवेशधाऱ्यांकडे त्यांनी ओळखपत्र मागितले. पलीकडच्यांनी फोन तोडला. पैसे जायच्या आत सुटका झाली.

रोजचे व्यवहार करणारा उद्योजक इतका वेळ जागचा हलू शकला नाही, तिथे काकूंचे काय? म्हणून ‘शिकलेली माणसे कशी फसतात’ हा प्रश्न मला चुकीचा वाटतो. या धंद्याला अज्ञानापेक्षा भीती आणि एकटेपणा जास्त लागतो. ‘कुणाला सांगू नका’ हेच त्यातले मुख्य वाक्य आहे, कारण सुनेच्या, शेजाऱ्याच्या किंवा दूधवाल्याच्या कानावर ही गोष्ट गेली की दोन मिनिटांत तिचा फुगा फुटतो. खरा सरकारी अधिकारी तुम्हाला मुलाशी किंवा वकिलाशी बोलू नका असे कधीही सांगत नाही. एवढी एक खूण जरी काकूंना माहीत असती तरी त्यांनी गॅस बंद केला असता आणि फोनही.

पण काकूंबद्दल त्याला एवढे कळले कुठून? काही माहिती कंपन्यांच्या फुटलेल्या याद्यांतून जाते, आणि त्यावर आपला इलाज चालत नाही. बरीचशी मात्र आपणच प्रेमाने वाटलेली असते. आपली लग्नपत्रिका काढून बघा. वर ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’. खाली वराचे शिक्षण, नोकरी, आईवडील, आजीआजोबा, वधूचे माहेर, मामांची नावे गावासकट, निमंत्रकांची रांग, तळाशी दोन मोबाइल नंबर. अख्खी वंशावळ एका पानावर. कागदाची पत्रिका दोनशे घरांत जाऊन थांबायची. व्हॉट्सॲपवरची थांबत नाही. त्या दिवशी त्या वेळी घराला कुलूप असेल, हेही तीच सांगते.

डोल ग्यारसला, म्हणजे भाद्रपद शुद्ध एकादशीला, हाटपिपल्यात नृसिंहाची पाषाणमूर्ती पाण्यावर सोडतात. ती किती वेळा तरंगते यावरून येणारे वर्ष कसे जाईल हे गाव श्रद्धेने पाहते. अशा सोहळ्यात हजारो हात फोन उंचावून उभे असणार, आणि ते साहजिक आहे. देवाचा व्हिडिओ जरूर टाका. त्याखाली ‘आई आणि बाळासोबत, सगळे इथेच, उद्या ओंकारेश्वर’ हे लिहायची गरज नाही. ते घरी परतल्यावरही लिहिता येते. वाढदिवसाच्या शुभेच्छांत पूर्ण जन्मतारीख, मुलाच्या फोटोत शाळेचे नाव दिसणारे ओळखपत्र, रेल्वेच्या तिकिटाचा फोटो: यातले एकेक निरुपद्रवी वाटते, पण समोरचा ते सगळे एकत्र ठेवून वाचतो. सर्वांत जपावे श्रद्धांजलीच्या पोस्टला. घरातले माणूस गेले की विम्याचे, पेन्शनचे, बँकेचे फोन येणारच असतात. त्या गर्दीत खोटा फोन सहज मिसळतो, आणि शोकातले माणूस उलट प्रश्न विचारत नाही. त्या दिवसांत पैशांचे सगळे फोन घरातल्या एकाच माणसाने घ्यावेत.

खाजगीपण म्हणजे काहीतरी लपवणे, असे आपल्याकडे अजून पुष्कळांना वाटते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले की तो मूलभूत हक्क आहे. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, आणि अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायची तर आईवडिलांची खात्रीशीर संमती घेणे त्याने कंपन्यांवर बंधनकारक केले. हा कायदा कंपन्यांना आणि सरकारी खात्यांना बांधतो. आत्या कुटुंबाच्या ग्रुपवर काय टाकते, यात तो पडत नाही. ते आत्याला आपणच समजावायचे, मायेने.

आधारचेही तसेच. लॉज, सिमकार्डाचे दुकान, फोटोकॉपीचे दुकान, सगळीकडे आपण आधारची प्रत देत सुटतो. आधारच्या संकेतस्थळावरून ‘मास्क्ड आधार’ उतरवून घेता येते. त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात आणि बहुतेक कामांना ते पुरते. पूर्ण प्रत द्यावीच लागली तर तिच्यावर कामाचे कारण आणि तारीख लिहून सही करावी. ‘शेवटचे चार आकडे’ सांगणारा माणूस त्यामुळे खरा ठरत नाही, हेही घरात सांगून ठेवा. ते चार आकडे आता अर्ध्या बाजाराला माहीत असतात.

खेड्यात मात्र आधारचा मोठा धोका प्रतीपेक्षा अंगठ्यात आहे. माळव्यातल्या गावांत बँकेचे निम्मे काम ‘कियोस्क’वर होते. छोटीशी खोली, एक लॅपटॉप, आणि काडेपेटीपेक्षा थोडे मोठे यंत्र, ज्याची काच लाल उजळते. आजी आधार नंबर सांगतात, अंगठा ठेवतात, हजार रुपये मागतात. पिन नाही, ओटीपी नाही. कियोस्कवाला म्हणतो, ‘नहीं आया माँजी, फिर से रखो.’ आजी पदराला अंगठा पुसून पुन्हा ठेवतात. शेतात राबलेल्या हाताच्या रेषा झिजलेल्या असतात, त्यामुळे पहिला अंगठा खरेच लागला नसेल. बहुतेक कियोस्कवाले इमानी आहेत, उन्हातान्हात गावाची सेवा करतात. पण क्वचित एखादा पहिल्या अंगठ्यावर पैसे काढतो आणि दुसऱ्या अंगठ्याचे आजींच्या हातात देतो. म्हणून प्रत्येक अंगठ्यामागे छापील पावती मागावी, अंगठा ‘नहीं आया’ असेल तरी. खात्याला मोबाइल नंबर जोडलेला असावा आणि महिन्यातून एकदा पासबुकावर नोंदी करून घ्याव्यात. आणि ज्या घरात कियोस्कची गरजच नाही, त्यांनी आधारच्या ॲपवर ‘बायोमेट्रिक लॉक’ लावावे. लॉक असताना तुमचा खरा अंगठाही चालत नाही, मग त्याची नक्कल कशी चालेल? गरजेपुरते उघडावे, पुन्हा बंद करावे.

आता पुन्हा लग्नपत्रिकेकडे येऊ, कारण चोरांनीही तिचाच उपयोग केला आहे. अनोळखी नंबरावरून मेसेज येतो, ‘लग्नाला नक्की या’, आणि खाली एक फाइल. नावाच्या शेवटी ‘डॉट एपीके’. दाबली की फोन विचारतो, हे ॲप इन्स्टॉल करायचे का? थांबा इथे. पत्रिका फोटो असते किंवा पीडीएफ असते, ती कधी इन्स्टॉल करावी लागत नाही. एपीके म्हणजे अख्खे ॲप. ते आत शिरले की मेसेज वाचायची परवानगी मागते, आणि ती मिळाली की तुमचा ओटीपी तुमच्याआधी चोर वाचतो. तुम्ही तो कुणालाही सांगितलेला नसतो, तरी पैसे जातात. हेच ॲप कधी पीएम किसानच्या नावाने येते, कधी वाहनाच्या चलानाच्या, कधी केवायसीच्या. व्हॉट्सॲपवरून आलेले कुठलेच ॲप घ्यायचे नाही, हा नियम घरातल्या शाळकरी मुलालाही पाठ हवा, कारण आजीच्या फोनवर खेळ उतरवणारा तोच असतो.

काही जलचिन्हे व्यवस्थेनेही दिली आहेत, ती ओळखून ठेवावीत. बँकांच्या सेवेच्या फोनांसाठी १६०० ने सुरू होणारी क्रमांकांची मालिका ठरवली आहे. साध्या दहा आकडी मोबाइलवरून ‘मी बँकेतून बोलतोय’ म्हणणाऱ्याला तिथेच थांबवावे. बँकांच्या संकेतस्थळांचे पत्ते आता ‘डॉट बँक डॉट इन’ने संपतात, आणि हे शेपूट फक्त बँकांनाच मिळते. एनईएफटी किंवा आरटीजीएस करताना खातेदाराचे नाव आधी दिसावे, अशी सोय रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ पासून करायला लावली; शहाजोग हुंडीचीच ही नवी आवृत्ती म्हणा. आणि यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो. पैसे घेण्यासाठी तो कधीच लागत नाही. जुने कपाट विकायला काढल्यावर ‘मी पैसे पाठवतोय, तुम्ही फक्त पिन टाका’ म्हणणारा गिऱ्हाईक नव्हे.

आवाजाचे काय? यंत्राला थोडासा नमुना मिळाला तरी ते कुणाचाही आवाज हुबेहूब काढते, आणि नमुने आपण रोज टाकतच असतो. ‘आई, अपघात झालाय, हा मित्राचा नंबर, लगेच पैसे पाठव.’ आवाज मुलाचाच. अशा वेळी रामायण आठवावे. अशोकवनात सीतेने हनुमंतावर लगेच विश्वास ठेवला नाही. रावणाचे कपट तिने सोसलेले होते. रामाची अंगठी पाहिली तेव्हा तिला खूण पटली. आपल्या भाषेत ‘खूण पटणे’ हा शब्दप्रयोग उगीच आलेला नाही. प्रत्येक घराने आपली एक खूण ठरवावी, एक प्रश्न, ज्याचे उत्तर कुठल्याही पोस्टमध्ये, पत्रिकेत किंवा फोटोत नाही. वाड्यातल्या गाईचे नाव, आजोबांच्या पहिल्या सायकलचा रंग, आजीची लाडकी शिवी. परदेशातल्या नातवंडालाही ती ठाऊक हवी. फोनवर कुणी पैसे मागितले की हसत विचारायचे, ‘सायकल कुठल्या रंगाची?’ आणि उत्तर बरोबर आले तरी फोन ठेवून आपल्याकडे असलेल्या जुन्या नंबरावर उलट फोन करायचा. खूण व्हॉट्सॲपवर लिहून पाठवू नका, भेटीत सांगा.

बँकेवरच दरोडा पडला तर? तसेही झाले आहे, आणि तेही १९०६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेत. ऑगस्ट २०१८ मध्ये बँकेचे ९४ कोटींहून अधिक रुपये गेले. बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले आणि दोनच दिवसांनी जवळपास १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले. तो घाव बँकेच्या यंत्रणेवर होता. खातेदारांचे पैसे सुरक्षित असल्याचे बँकेने सांगितले, आणि २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले. बँकेच्या दारातून चोरी झाली तर बँक उत्तर देते. आपल्या दारातून झाली तर उत्तराची सुरुवात आपल्यालाच करावी लागते, आणि ती लवकर करावी लागते.

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात याची चौकट घालून दिली. बँकेची चूक नाही, तुमचीही नाही, कुणी तिसऱ्यानेच पैसे काढले, आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत तुम्ही तक्रार केली, तर तुमची जबाबदारी शून्य. सातव्या कामाच्या दिवसापर्यंत केली तर साध्या बचत खात्याला कमाल १०,००० रुपये. पिन किंवा ओटीपी तुम्हीच सांगून बसला असाल, तरी बँकेला कळवल्यानंतर झालेला तोटा बँकेचा. ग्राहकाचा दोष होता हे सिद्ध करायची जबाबदारीही बँकेवर आहे. शाखेत ‘तुम्हीच ओटीपी दिला, आता काही होणार नाही’ असे कुणी म्हणाले तर ऐकून परतू नका. लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तीस दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

पण त्याआधीची पहिली गोष्ट म्हणजे १९३०. हा देशभरचा सायबर मदत क्रमांक. चोरीचा पैसा एका जागी बसत नाही. तो पहिल्या खात्यातून पाच खात्यांत, पाचांतून पन्नासांत पळतो. तक्रार नोंदली की ज्या बँकेत तो पोचला असेल तिथे तो गोठवायचा संदेश जातो. अर्ध्या तासात फोन केला तर पैसा वाटेतच सापडायची आशा असते. फोन करताना खाते कुठल्या बँकेत, रक्कम किती, केव्हा गेली आणि मेसेजमधला व्यवहार क्रमांक एवढे हाताशी ठेवावे.

ती पन्नास खाती कुणाची असतात? पुष्कळदा आपल्याच गावातल्या मुलांची. ‘तुझे खाते आणि एटीएम कार्ड महिनाभर दे, पाच हजार घे.’ कॉलेजचा मुलगा देतो, मजूर देतो. पोलीस येतात तेव्हा खाते त्याच्या नावावर असते, आणि चोर कुठल्या देशात बसला आहे हे त्याला सांगताही येत नाही. घरात तरणी मुले असतील तर ही गोष्ट त्यांना जेवताना सांगा.

२०२४ या एका वर्षात देशातल्या माणसांनी सायबर फसवणुकीत २२,८४५ कोटी रुपये गमावले, असा सरकारने संसदेत दिलेला आकडा आहे. या आकड्यात न आलेली अशी कितीतरी घरे असतील, जिथे कुणी तक्रारच केली नाही, लाजेपोटी. पैसे पाठवून बसलेल्या काकू पाच दिवस कुणाला काही सांगत नाहीत. मुलगा रागावेल, सून हसेल, ‘तुम्हाला फोन दिलाच कशाला’ असे कुणी म्हणेल, या धाकाने. तेवढ्यात पैसा हाताबाहेर जातो. म्हणून मुलांना माझी हात जोडून विनंती आहे. आईवडिलांना आजच, काही झालेले नसताना, सांगून ठेवा: ‘कधी फसवणूक झाली तर पहिला फोन मला करा, मी एक शब्दही बोलणार नाही.’ आणि तसा फोन आला तर खरोखरच बोलू नका. लाखाचे एकही कुलूप या वाक्याची जागा घेत नाही.

माळव्यातल्या मराठी घरांत भिंतीवर कालनिर्णय असते नाहीतर लाला रामस्वरूपचे पंचांग. दुधाचा हिशेब, गॅसची टाकी कधी लागली ती तारीख, कामवालीच्या सुट्ट्या, सगळे त्याच्यावर पेनाने लिहिलेले असते. आज रात्री जेवणे झाली की त्याच पानावर, चष्मा न लावता दिसेल एवढ्या मोठ्या अक्षरात, १९३० लिहा, आणि त्याच्या शेजारी मुलाचा नंबर. महिना संपून पान उलटले की पुन्हा लिहा.